मुंबई राज्यातील दारूबंदी

मुंबई प्रांतात व पुढे मुंबई राज्यात राबवलेला मद्यनिषेध. त्याचा १९४९ चा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. तो कोणी रद्द केला नाही. परवान्यांनी आतून पोखरला.

१८७८ च्या आबकारी कायद्याखाली दारू हे ब्रिटिश सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. त्यामुळेच ताडी-दारूच्या दुकानांपुढील निदर्शने स्वातंत्र्यचळवळीत शिरली. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात आबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. त्यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात बंदी आणली आणि बुडणारा महसूल भरून काढायला स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसवला. मद्यव्यापारात आणि घरमालकांत पारशी पुष्कळ. त्यांना झळ दुहेरी बसली. गिल्डर स्वतः पारशी असूनही मागे हटले नाहीत. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४० मध्ये उच्च न्यायालयाने बंदीची अधिसूचना बेकायदा ठरवली.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा १६ जून १९४९ रोजी अमलात आला. ६ एप्रिल १९५० पासून बंदी पूर्ण झाली. या कायद्याला आव्हान देणाऱ्या बालसारा खटल्यात (१९५१) सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग उचलून धरला, पण अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने बंदीतून वगळली. पळवाट इथेच पडली. तोंडाला वास आला तरी आरोपी 'टॉनिक घेतले' म्हणू लागला, आणि प्यालेली वस्तू दारूच होती हे सिद्ध करणे सरकारवर आले. अखेर १९५९ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आढळल्यास पुराव्याचा भार आरोपीवर टाकला.

दारू मिळणे मात्र थांबले नाही. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात सडवून ते रसायन पिंपात उकळायचे, वाफ थंड करायची: हातभट्टीला याहून फारसे लागत नव्हते. माल टायरच्या ट्यूबमधून शहरभर फिरे. वस्त्यांत आणि 'आंटी'च्या घरगुती अड्ड्यांवर विकला जाई. पोलिसांचा हप्ता हा धंद्याचा ठरलेला खर्च बनला. पैसेवाल्याला डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट मिळे, गिरणी कामगाराला पिंपातली दारू. बंदीचा हा सर्वांत मोठा अन्याय होता. नुसत्या गुळाच्या दारूत मिथेनॉल अत्यल्प असते. माणसे मेली ती तिच्यात औद्योगिक स्पिरिट मिसळल्याने: मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, आधी दृष्टी जाते, मग जीव. बंदी सैल झाल्यावरही स्वस्त दारूचा हा धोका राहिला. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड भागातील मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले.

१९६० नंतर गुजरातने बंदी राखली. वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्राने परमिटच्या अटी सैल केल्या आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने मार्गी लावली. कायद्याची चौकट तीच असल्याने आजही पिणाऱ्याला परवाना लागतो, तोही 'आरोग्य टिकवण्यासाठी'. 'परमिट रूम' हे नाव तिथूनच आले.

जिल्हावार बंदी वर्धा आणि गडचिरोलीत आहे. चंद्रपूरची बंदी १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. गावातले दुकान बंद करायचे तर २५ टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते; आडवीला मत म्हणजे दुकान बंद.