न्यूट्रोफिलची चाल आणि अँटिबायोटिक

अँटिबायोटिकचा कोर्स संपूनही अशक्तपणा राहिला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशीच मारून टाकल्या.’ बहुतेक वेळा हे खरं नसतं. पेनिसिलिन घाव घालतं ते जिवाणूच्या भिंतीवर, आणि तशी भिंत आपल्या पेशींना नसतेच. काही अँटिबायोटिक्स मात्र पांढऱ्या पेशींना न मारता त्यांची चाल बदलतात. मला ही गोष्ट त्या गैरसमजापेक्षा कितीतरी विलक्षण वाटते.

संसर्गाच्या जागी सर्वांत आधी पोचणारी पांढरी पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. तिला वाट कशी सापडते? जिवाणू प्रथिन बांधायला घेतात तेव्हा पहिल्या अमिनो आम्लाला, मेथिओनिनला, फॉर्मिल नावाचा छोटा गट जोडतात. आपल्या पेशीद्रवात बनणाऱ्या प्रथिनांना तो नसतो. त्यामुळे फॉर्मिल असलेला तुकडा हा जिवाणूचा माग ठरतो. (आपल्या पेशीतली ऊर्जाघरं म्हणजे मायटोकाँड्रिया; त्यांचे पूर्वजही जिवाणूच, म्हणून त्यांची प्रथिनंही अशीच सुरू होतात आणि पेशी फुटली की बाहेर पडतात. मुक्या मारातही न्यूट्रोफिल जमतात, त्याचं हे एक कारण.)

हे तुकडे जिवाणूजवळ दाट असतात, दूर विरळ. न्यूट्रोफिल जेमतेम १० ते १५ मायक्रोमीटरची. तिच्या दोन टोकांमध्ये या दाटपणाचा एक-दोन टक्के फरक असला तरी तिला तो कळतो! हे तुकडे पकडणारे रेणू म्हणजे ग्राही तिच्या आवरणावर असतात; ज्या बाजूचे ग्राही जास्त भरले, तिथल्या आवरणात पीआय-३ कायनेज हे विकर पीआयपी-३ नावाचा मेद तयार करतं. त्याने रॅक हे प्रथिन जागं होतं, अॅक्टिन या प्रथिनाचे धागे फांद्या फुटत वाढतात आणि आवरण पुढे ढकलतात. मागे ऱ्हो हे प्रथिन मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाकरवी शेपटी आवळतं. रॅक आणि ऱ्हो एकमेकांना दाबतात, म्हणूनच पेशीला एकच पुढा राहतो. वेग मिनिटाला साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिनिटभरात जवळपास स्वतःच्या लांबीइतका.

ही चाल मोजायची सोपी युक्ती स्टीफन बॉयडेन यांनी १९६२ मध्ये मांडली: दोन कप्पे, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. वर पेशी, खाली आमिष. किती पेशी पडद्यातून पलीकडे गेल्या ते मोजायचं. अशा प्रयोगांत डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातली औषधं पेशींना मंदावताना दिसली. ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून ठेवतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. रोझेशिया या त्वचाविकारात डॉक्सिसायक्लिन ४० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत देतात. एवढ्याने जिवाणू मरत नाहीत, दाह मात्र उतरतो.

एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची कथा याहून मोठी. जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस या फुप्फुसाच्या आजारात १९८०च्या दशकात ते कमी मात्रेत महिनोन्‌महिने दिलं गेलं. तिथे ठाण मांडून बसलेल्या सूडोमोनस जिवाणूला त्या मात्रेने काही होत नाही. तरी रुग्ण जगू लागले, कारण न्यूट्रोफिलना बोलावणारा आयएल-८ हा रेणूच कमी झाला आणि फुप्फुसातली त्यांची गर्दी ओसरली.

याच गुणाच्या भरवशावर कोविडमध्ये एरिथ्रोमायसिनच्याच गटातलं अॅझिथ्रोमायसिन सरसकट वाटलं गेलं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत ७,००० हून अधिक रुग्ण तपासले, मृत्यू कमी झाले नाहीत. दाह कमी करणारं औषध प्रत्येक दाहाला चालतंच असं नाही, हे तेव्हा अनेकांनी ऐकून घेतलं नाही.

त्याच अॅझिथ्रोमायसिनचा आणखी एक गुण मला थक्क करतो. ते न्यूट्रोफिलच्या आत रक्तद्रवाच्या कित्येक पटींनी साठतं. मग फॉर्मिलचा माग काढत ती पेशी जिवाणूपर्यंत जाते, तेव्हा औषधही तिच्याच पोटातून तिथे पोचतं.