टूल वर्णन (एआय एजंटसाठी)

एआय एजंटला (भाषेचं मॉडेल वापरून आपली आपण कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला) टूल, म्हणजे त्याला बोलावता येणारं एखादं फंक्शन, देताना सोबत जो मजकूर जोडतात, म्हणजे हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, त्याला काय द्यायचं आणि काय परत मिळतं, तो म्हणजे टूल वर्णन. बोलताना सगळे डिस्क्रिप्शनच म्हणतात. टूलच्या आतला कोड सहसा मॉडेलसमोर नसतोच, असतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांची) यादी, त्यामुळं एजंटनं भलतंच टूल का उचललं याचं उत्तर बऱ्याचदा या चार ओळींतच सापडतं.

उगम

ही पद्धत नक्की कुठून आली यावर दोन मतं आहेत. एक मत तिला जुन्या मॅन्युअलच्या घराण्यातली मानतं: १९७१ च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये प्रत्येक कमांडचं नाव, वापरायची रीत, वर्णन, अगदी माहीत असलेले बगसुद्धा ठरलेल्या मांडणीत होते, पुढं पायथनवाल्यांना फंक्शनच्या आतच डॉकस्ट्रिंग (ते काय करतं हे सांगणारी टीप) लिहायची सवय लागली, आणि आज एजंट बांधायच्या लँगचेनसारख्या फ्रेमवर्कमध्ये तीच डॉकस्ट्रिंग उचलून मॉडेलला वर्णन म्हणून देता येते. दुसरं मत प्रॉम्प्टकडं, म्हणजे मॉडेलला लिहून दिलेल्या सूचनेकडं, बोट दाखवतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट पद्धतीच्या (मॉडेलला विचार आणि कृती आळीपाळीनं करायला लावणाऱ्या) प्रॉम्प्टमध्ये विकिपीडियावर शोधायच्या कृती साध्या वाक्यांत सांगून खाली सोडवलेले नमुने दिले होते. फेब्रुवारी २०२३ चा टूलफॉर्मर हा संशोधनातला मॉडेलही काहीजण यातच धरतात, पण तिथं एपीआय (बाहेरची सेवा) कधी कॉल करायचा हे मॉडेलला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं, वर्णन वाचून टूल निवडायचा प्रश्न नव्हता, म्हणून तो इथं बसवणं ओढूनताणून वाटतं. वर्णनाला जेसन स्कीमातला (टूलची माहिती ठरलेल्या साच्यात लिहायच्या पद्धतीतला) स्वतंत्र रकाना मिळाला तो जून २०२३ च्या ओपनएआयच्या फंक्शन कॉलिंगमुळं (मॉडेलला टूल वापरू द्यायच्या सोयीमुळं) सगळीकडं पोचला, आणि नोव्हेंबर २०२४ ला अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी), म्हणजे एजंटला बाहेरची टूल जोडायची सामाईक पद्धत, आणल्यावर टूल पुरवणारा सर्व्हरच आपल्या टूलची यादी वर्णनांसकट पाठवायला लागला. तेव्हा सुरुवात साधारण २०२२ च्या उत्तरार्धात धरलेली जास्त पटते. डॉकस्ट्रिंगचं ऋण आहेच, पण ती वाचणारा माणूस अडला तर कोड उघडून बघतो नाहीतर शेजारच्याला विचारतो, मॉडेल हातात आहे तेवढ्यावर अंदाज बांधून पुढं जातं.

मजकूर

समजा पंचगंगेची पातळी सांगणारं टूल केलंय आणि वर्णन एवढंच की 'नदीची पातळी देते'. आकडा आला ३९. कोल्हापूरच्या माणसाला जुलैत हा आकडा दिसला की राजाराम बंधारा, फूट, इशारा पातळी हे सगळं न सांगता कळतं, ४३ ला धोका हेही पाठ असतं. मॉडेलला मात्र ३९ फूट का मीटर, कुठल्या बंधाऱ्यावर आणि कधीचे यातलं काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहावं: 'राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची शेवटची नोंदलेली पातळी फुटांत देतं, नोंदीची तारीख आणि वेळ सोबत येते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पुढं पाणी किती चढेल याचा अंदाज यात नाही. धरणातनं सोडलेलं पाणी हवं असेल तर विसर्गाचं टूल वापरा, ते क्युसेकमध्ये आहे. नोंद नसेल तर उत्तर रिकामं येतं, शून्य येत नाही.' यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण ते नसेल तर यंत्र बंद पडून आलेलं रिकामं उत्तर एजंट शून्य समजेल आणि भर पुरात नदी कोरडी आहे म्हणून सांगेल. पूररेषेतल्या घराला हे परवडणारं नाही.

गुळाच्या दराचंही तसंच. दर क्विंटलचा का रव्याचा (गुळाच्या ढेपेचा), रवा तीस किलोचा का दहाचा, हे पॅरामीटरच्या वर्णनातच लिहावं लागतं. तारीखही तशीच, ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट का आठ मे हे आपण विचारतसुद्धा नाही, तिथं लिहायलाच पाहिजे.

लांबीबद्दल अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं सांगितलीत. उलट बाजूनं, वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीबरोबर जातात आणि टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातात, त्यामुळं एकसारखी दिसणारी दहा टूल ठेवण्यापेक्षा दोन-तीन एकत्र करून नीट लिहिलेली बरी.

मराठीतून

वर्णन मराठीत चालतं. नाव मात्र ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोन्हीकडं रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोअर आणि डॅश एवढ्यातच बसवावं लागतं. तोच मजकूर देवनागरीत इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त टोकन घेतो.

सुरक्षा

वर्णन मॉडेलच्या दृष्टीनं सूचनेसारखंच असतं, म्हणून त्यात छुपी आज्ञा घालता येते. २०२५ मध्ये एमसीपीच्या संदर्भात हे टूल पॉयझनिंग या नावानं पुढं आलं. वापरणाऱ्यानं एकदा परवानगी दिल्यावरही सर्व्हर मागाहून वर्णन बदलू शकतो.