डीटीएफ छपाई खरोखर कोणत्याही कापडावर टिकते का?

डीटीएफ म्हणजे ‘डायरेक्ट टू फिल्म’; यात नक्षी आधी पातळ फिल्मवर छापून मग कापडावर दाबतात. ‘डीटीएफ छपाई कोणत्याही कापडावर सारखीच टिकते’ हा समज फिरत आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो सहज पटतो. या पद्धतीत शाई धाग्यात मुरत नाही. फिल्मवरील नक्षी उष्णतेने वितळणाऱ्या चिकट पावडरीमुळे कापडाला धरते, त्यामुळे सुती, पॉलिस्टर आणि मिश्र धाग्याच्या कापडांवर ती बसते. मात्र बसलेली नक्षी चांगली राहीलच असे नाही. हीट प्रेसचे (नक्षी उष्णतेने दाबणाऱ्या यंत्राचे) तापमान बहुधा १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्या उष्णतेत गडद पॉलिस्टरचा रंग वायुरूप होऊन वरच्या पांढऱ्या शाईत शिरू शकतो. लाल जर्सीवरचा पांढरा आकडा काही दिवसांनी गुलाबी दिसू लागतो तो बहुतेकदा यामुळेच. नायलॉन आक्रसण्याचा धोका असतो, तर पाणीरोधक लेपावर पावडरीला पकड मिळणे कठीण जाते.

कापडावर पाण्याचा थेंब टाकावा; तो न शोषता घरंगळला, तर लेपाची शंका घ्यावी. पॉलिस्टरच्या नमुन्यावर पांढरा ठिपका छापून दोन-तीन दिवस ठेवावा, मग धुऊन आणि ताणून पाहावा. मोठी ऑर्डर घेण्यापूर्वी एवढा वेळ द्यायलाच हवा, कारण दाबलेली नक्षी नंतर स्वच्छ काढता येणे फार अवघड असते.