अमेरिकेतल्या मुलांचे दप्तर जड कसे झाले

अमेरिकेतली शाळा म्हणजे खेळ, प्रोजेक्ट आणि मोकळीक, असे आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटते. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना कानावर पडते ते निराळेच असते: अकरावीत एकदम चार-पाच एपी विषय (म्हणजे शाळेतच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास), सॅट या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेचा क्लास, मध्यरात्र उलटली तरी न संपलेला गृहपाठ. हा ताण आपोआप साचत गेलेला नाही. इतिहास पाहिला तर तो काही ठरावीक वळणांवर वाढलेला दिसतो, आणि बहुतेक वळणांवर मोठ्या माणसांना कशाची तरी धास्ती पडली होती.

याच देशात कधीकाळी काही ठिकाणी गृहपाठाला कायद्याने बंदी होती. १९०० च्या सुमारास ‘लेडीज होम जर्नल’ या खपाच्या मासिकाचे संपादक एडवर्ड बॉक यांनी घरच्या अभ्यासाविरुद्ध मोहीमच उघडली. मुलांना उघडी हवा आणि झोप हवी, १५ वर्षांखालच्या मुलांना घरी अभ्यास मुळीच नको, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी, १८९७ मध्ये, शिक्षणसुधारक जोसेफ मेयर राइस यांनी सुमारे ३३ हजार मुलांची पाहणी करून दाखवले होते की स्पेलिंगची घोकंपट्टी कितीही तास करून घेतली तरी त्यामुळे मुलांचे स्पेलिंग सुधारतेच असे नाही. १९०१ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: १५ वर्षांखालच्या शाळकरी मुलांवर घरचा अभ्यास लादायचा नाही. त्या काळी गृहपाठाचा विषय निघाला की डॉक्टरांचे मत विचारले जाई, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रश्न आधी मुलाच्या तब्येतीचा होता.

सॅट ही परीक्षा पहिल्यांदा २३ जून १९२६ रोजी झाली. बसले जेमतेम आठ हजार विद्यार्थी. ती तयार करणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम केलेले होते. त्या चाचण्यांवरून त्यांनी वंशावंशांत बुद्धीचे उच्चनीच ठरवले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली.

मग ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक हा उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. रशियन मुले गणित-विज्ञानात पुढे आणि आपली मागे, हा सूर वर्तमानपत्रांत लागला. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने हुशार मुले हेरण्यासाठी चाचण्या आणि शाळांतल्या समुपदेशकांसाठी पैसा पुरवला. कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ आहे, ते उगाच नाही. कॉलेजच्या तोडीचा अभ्यास शाळेतच करण्याची एपीची योजना नुकतीच सुरू झाली होती. तिलाही आता जोर चढला.

साठच्या दशकाच्या अखेरीस हा ताप उतरला. पण १९८३ च्या एप्रिलमध्ये रेगन सरकारच्या आयोगाचा ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा अहवाल आला. या वेळी धास्ती जपानी मोटारींची होती. शत्रुराष्ट्राने असले सुमार शिक्षण आपल्यावर लादले असते तर आपण ते युद्धच मानले असते, इतकी त्याची भाषा जहाल होती. उपाय सुचवले ते असे: गृहपाठ बराच वाढवा, शाळा सात तासांची करा, वर्षाचे दिवस २०० ते २२० करा. त्याच वर्षी ‘यूएस न्यूज’ या नियतकालिकाने कॉलेजांची पहिली क्रमवारी छापली. पुढे चाळीस वर्षे घराघरांत ज्या यादीवरून वाद झाले, ती हीच.

२००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली. ठरवून दिलेले लक्ष्य गाठले नाही की शाळेवर कारवाई. गरीब वस्त्यांतल्या शाळांवर याचा बोजा सर्वात जास्त पडला. अटलांटात २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक व मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतली उत्तरे बदलण्याच्या घोटाळ्यात सापडले. त्यांनी केले ते चूकच. पण त्यांना तिथवर ढकलणारी व्यवस्थाही तितकीच दोषी होती, असे माझे मत आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दोन लाखांवर मुलांच्या पालकांनी त्यांना परीक्षेला बसवलेच नाही.

सुखवस्तू उपनगरांत दुसरीच कथा चालू होती. भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांनी वर्षानुवर्षे संशोधन करून दाखवले की चांगल्या घरच्या, नामांकित शाळांतल्या मुलांमध्येही चिंता, नैराश्य आणि व्यसने वरचढ आहेत.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोची हकीकत मराठी वाचकाला जवळची वाटेल, कारण तिथे भारतीय घरे भरपूर आहेत. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी शाळांचे प्रमुख डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिले. आदल्या वर्षी माध्यमिक आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावे लागले होते, त्यांतली ४० रुग्णालयात दाखल झाली होती. त्यांनी सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या. त्यावरून गावात उभी फूट पडली. गोऱ्या पालकांपैकी बरेच बाजूने, आशियाई पालकांपैकी बरेच विरोधात. या विरोधाला हावरेपणा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर तिथे पोचलेल्या आपल्या माणसांना परीक्षेनेच गावातून इंजिनिअरिंगला आणि तिथून अमेरिकेला नेले होते. ज्या शिडीवरून आपण चढलो, ती काढून घेतली जातेय असे त्यांना वाटले. मुले मात्र त्याच शिडीवर थकत होती, हेही तितकेच खरे.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे, आणि त्याची सुरुवात पुन्हा कॅलिफोर्नियातच दिसते. १ जुलै २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुले कायद्याने सकाळी साडेआठच्या आत भरत नाहीत. हेतू एवढाच की मुलांची झोप पुरी व्हावी. २०२४ मध्ये झालेला आणखी एक कायदा शाळांना सुचवतो की गृहपाठाचे धोरण ठरवताना मुलांच्या शरीर-मनावर त्याचा काय परिणाम होतो ते पाहा. १९०१ मध्ये याच राज्याने हाच प्रश्न विचारला होता.