युक्का पतंगाची परागाची गोळी

मधमाशी फुलावर येते ती मधासाठी आणि परागासाठी. जाता जाता थोडे पराग दुसऱ्या फुलावर सांडतात, झाडाचं काम होतं; पण मधमाशीच्या ते गावीही नसतं. उत्तर अमेरिकेतल्या टेगेटिक्युला युक्कासेला या युक्का पतंगाची मादी मात्र परागीभवन हे वेगळं काम म्हणूनच करते.

हा पतंग पांढरा, पंख पसरून जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. दिवसा तो युक्का या झाडाच्या पांढऱ्या फुलांत बसून राहतो आणि सहसा दिसत नाही. संध्याकाळी मादी पुंकेसरांवर चढते. तिच्या तोंडाशी दोन वळणारे, सोंडेसारखे अवयव असतात. युक्का पतंगांखेरीज इतर पतंगांना असं काही नसतं. या अवयवांनी ती पराग खरवडून घेते, त्याची गोळी करते आणि मानेखाली धरून बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाकडे जाते. तिथे फुलाच्या अंडाशयाला बारीक भोक पाडून ती अंडं घालते, मग कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, चढून गोळीतला थोडा पराग आतल्या पोकळीत दाबून बसवते. हा पराग ती खात नाही. बी धरली तरच तिच्या अळ्यांना अन्न मिळणार असतं.

मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी १८७२ मध्ये हे जगापुढे मांडलं. परागीभवनाचं याहून अद्भुत उदाहरण आजवर प्रसिद्ध झालेलं नाही, असं डार्विन यांनी १८७४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना कळवलं. मलाही ते तसंच वाटतं.

अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. हा समतोल पतंगाच्या भलेपणावर टिकलेला नाही. ज्या फुलात फार अंडी पडतात ते फूल झाड गाळून टाकतं. त्यासोबत अंडीही जातात. आधी येऊन गेलेल्या मादीचा वास फुलाला राहतो, आणि नंतरची मादी तिथे कमी अंडी घालते किंवा निघून जाते. पोट भरलं की अळी फळ पोखरून बाहेर पडते, जमिनीत कोष करते आणि हिवाळा तिथेच काढते. काही अळ्या तर एकाहून अधिक वर्षं तशाच थांबतात.

या पतंगाच्या सख्ख्या गोतावळ्यात फुकटे निघालेच. टेगेटिक्युला इंटरमीडिया आणि टेगेटिक्युला करप्ट्रिक्स या जातींचे पूर्वज पराग वाहणारे होते. आताच्या माद्यांना पराग गोळा करायचे ते अवयव उरलेले नाहीत. त्या थेट फळातच अंडी घालतात. तोवर झाडाचा फुलं गाळण्याचा काळ सरलेला असतो, त्यामुळे या अंड्यांना गळतीचा धोका राहत नाही.