क्रीडाविकासाचे सातत्य (नाशिक जिल्हा)

एखाद्या प्रदेशातून एकामागून एक खेळाडू घडत राहावेत यासाठी लागणारी स्थानिक व्यवस्था. एखादे पदक एकट्याच्या जिद्दीवरही येते. पुढची तुकडी मात्र व्यवस्थेतूनच निघते.

हरसूल भागातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये 10,000 मीटर धावण्यात दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. संजीवनी जाधव यांना 2017 च्या भुवनेश्वर आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरमध्ये कांस्य मिळाले. दोघींचे प्रशिक्षक एकच, विजेंद्रसिंग. नाशिकच्या यशाचे हेच मर्म आहे. लांब पल्ल्याची धावपटू तयार व्हायला सहा-आठ वर्षे लागतात. मध्येच प्रशिक्षक बदलला की सरावाची घडी विस्कटते. पाड्यावरच्या मुलीसाठी शहरात मुक्कामाची सोय हवी, नाहीतर पहाटेचा सराव आणि शाळा यांचा मेळ बसत नाही.

सर्वांत जास्त नुकसान घाईमुळे होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना बक्षिसासाठी दर रविवारी रस्त्यावरच्या शर्यतीत उतरवले की नडगी दुखू लागते, पुढे हाडाला बारीक चीर पडते. आठवड्याचे अंतर साधारण 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. मुलींचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले तर सराव कितीही केला तरी वेळ सुधारत नाही. नागलीची भाकरी, उडीद, कुळीथ हे घरचेच अन्न उपयोगी; जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा, त्याने लोह कमी अंगी लागते.

पेठ-हरसूलकडे पावसाळ्यात मुरमाची धावपट्टी चिखल होते आणि मुले डांबरी रस्त्यावर येतात. म्हणून धावपट्टीला उतार आणि कडेला चर मे महिन्यातच काढावेत. मैदान मांडवाला दिले असेल तर खांबांचे खड्डे ओल्या मुरमाने थराथराने ठोकून भरावेत. वरवर भरलेला खड्डा खचतो आणि घोटा मुरगळतो.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांना नौकानयन मिळाले ते सैन्यात गेल्यावर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते 13 वे आले, 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या चौघांच्या संघाने सुवर्ण जिंकले. पोटाची चिंता मिटली तेव्हाच खेळाला वेळ मिळाला. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागते. मूळ प्रमाणपत्रे शाळेपासूनच जपून ठेवावीत.