भूल उतरली, मग आजी अशा का वागतात?

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी दुसऱ्या रात्री सलाईन ओढू लागल्या, की "भूल उतरली नाही अजून" असं म्हटलं जातं. महिन्याभराने त्याच आजींना दुधाचा हिशेब जमेना झाला, तरी दोष भुलीलाच. हल्लीच्या भुलीच्या औषधांचा अंमल एरवी काही तासांत ओसरतो. हे दोन वेगळे त्रास आहेत. पहिल्यात त्याच रात्री डॉक्टरांना बोलवावं लागतं, दुसऱ्यात घाई नसते.

पहिला डेलिरियम, म्हणजे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. तो बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत, अचानक येतो आणि तासातासाला रंग बदलतो: सकाळच्या राउंडला सगळं ठीक, दिवेलागणीला मुलगाही ओळखू येत नाही. बिघडतं ते मुख्यतः लक्ष. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगा. सात महिनेही नीट येत नसतील तर संशय घ्यावा. शाळेत न गेलेल्यांना वार उलटे विचारावेत. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गप्प, पेंगुळलेला, घास तोंडात धरून बसणारा मात्र "शांत झोपलाय" म्हणून सुटतो, आणि म्हाताऱ्या माणसांत हाच प्रकार जास्त चुकतो.

डेलिरियमला कारण असतं आणि ते शोधावं लागतं. कॅथेटर काढल्यावर तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घसरलेलं सोडियम किंवा ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, न शमलेलं दुखणं. औषधांत मिडाझोलम हे गुंगीचं औषध, आणि फेनरगन, एव्हिल ही ॲलर्जीची, झोप आणणारी औषधं. झोपत नाही म्हणून फेनरगन टोचलं, तर पेशंट निजतो खरा, पण गोंधळ वाढतो. रोज दारू घेणाऱ्याची दारू तुटल्यामुळे झालेला डेलिरियम हा अपवाद: तिथे मिडाझोलमच्या गटातलीच औषधं उपचार म्हणून देतात.

दुसऱ्या त्रासात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, घरच्यांना ओळखतो, गप्पा मारतो. फक्त नावं आठवत नाहीत, हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम झेपत नाहीत. 1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, हृदयाव्यतिरिक्त मोठं ऑपरेशन झालेल्या साठीपुढच्यांपैकी 25.8 टक्क्यांत आठवड्याने असा फरक सापडला, तीन महिन्यांनी 9.9 टक्क्यांत. म्हणजे बरेचजण आपोआप सावरतात. तीन महिन्यांनंतरही अडत असेल तर बी-12, थायरॉइड, नैराश्य आणि चालू गोळ्या तपासून घ्याव्यात. कधी आधीपासूनचा, घरात कुणाच्या ध्यानात न आलेला स्मृतिभ्रंशही तेव्हाच उघडा पडतो.

"पाठीतच सुई द्या, पूर्ण भूल नको" या आग्रहाने डेलिरियम टळेल असं मात्र समजू नका. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनांवरच्या 2021च्या दोन मोठ्या चाचण्यांत दोन्ही भुलींमध्ये डेलिरियमचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यापेक्षा चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी शुद्धीवर येताच परत द्या, रात्री झोपमोड टाळा. आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगा: हिशेब, औषधं स्वतः सांभाळत होते का, दारू किती, झोपेची गोळी रोज घेतात का. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी ऑपरेशनसाठी एकदम बंद केली, तर तेवढ्यानेही डेलिरियम होऊ शकतो.